ठमी रुसलीय म्हणे

२४ नोव्हेंबर

ठमे,

खुशाली वगैरे मागाहून. आधी पदराला गाठ मार. येत्या चोवीस डिसेंबरला तू माझ्याकडे यायचं आहेस आणि चांगले दहा दिवस राहायचं आहेस. 'बघते', 'कळवते', 'जमलं तर' यातलं काहीही मी ऐकून घेणार नाही.

पोरांना हिवाळ्याची सुट्टी लागते. माझ्या नातीचे पुढचे दोन दात पडलेत, त्या खिंडीतून ती शिट्टी वाजवते आणि दिवसभर घर डोक्यावर घेते. मुलानं आणि सुनेनं रजा टाकली आहे. टेकडीवर सहल ठरली आहे, मोठा थर्मास भरून चहा, उकडलेली अंडी आणि संत्री. दुपारी उन्हात पाय पसरून विणकाम. नव्या स्वेटरची पाठ झाली, बाह्या तू आलीस की घालू.

आणि अठ्ठावीस तारखेला तळ्यावरची मोजणी. माझे पक्षीवाले तुला पत्रांतून ठाऊक आहेतच. पोस्टमास्तर, दातांचे डॉक्टर, बेकरीवाली आणि मी निवृत्त शिंपीण, असे चार म्हातारे आणि चार दुर्बिणी. पाचव्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, त्या लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. आता तळ्याकाठच्या आमच्या लाकडी खोपटात पाच खिडक्या आणि माणसं चार. एका बाजूची बदकं कुणी मोजायची यावरून पोस्टमास्तर आणि डॉक्टर रोज भांडतात.

एक विचारायचं राहिलं. परवा फोनवर मी तुला सांगितलं, की बेकरीवालीच्या नवऱ्याचा जिन्यावरून पडून पाय मोडला. तर तू म्हणालीस, "वा, छान झालं!" आणि फोन ठेवून दिलास. तुझं त्या बिचाऱ्याशी काय वैर?

वाट बघणारी,
ताई


२ डिसेंबर

ताई,

बेकरीवालीच्या नवऱ्याला म्हणावं, लवकर बरा हो. माझं लक्ष नव्हतं, कुकरची शिट्टी चालू होती. आणि तू फोन करत जाऊ नकोस गं. पत्रच लिही. पत्र उशाशी ठेवून पुन्हा वाचता येतं.

येण्याचं म्हणशील तर यंदा राहू दे. एक तर माझा गुडघा. दुसरं, मुलानं घराला रंग द्यायचं मनावर घेतलंय, सामान कोण हलवणार? तिसरं, गॅलरीतली झाडं. सूनबाई चांगली आहे, पण तिच्या हातून पाणी एकतर पडतच नाही नाहीतर पूरच येतो.

आणि अगदी मनातलं सांगू? तुझ्याकडे जेवायला बसलं की सगळे एकदम बोलतात. एक इकडून, एक तिकडून, मध्येच तुझी नात शिट्टी वाजवणार. मला हल्ली शांत बसावंसं वाटतं. सत्तरी उलटली, आता कुठे जायचं यायचं.

तुझ्या पक्षीवाल्यांना नमस्कार. एवढ्या थंडीत पहाटे उठून पक्षी मोजता, ते पक्षी तुम्हाला मोजतात का कधी?

तुझी,
ठमी


७ डिसेंबर

ठमे,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग तुझ्या मुलाला फोन केला. रागव हवं तर.

तो म्हणाला, कसला रंग? गेल्याच वर्षी दिलाय. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाला, आई रोज चार जिने चढते, लिफ्ट असून. झाडांचं मी विचारलंच नाही, कारण तुझ्या गॅलरीत दोन कोरफडी आहेत हे मला माहीत आहे. कोरफडीला दहा दिवस पाणी घातलं नाही तर ती उलट आभार मानेल.

मग मात्र पोराचा आवाज खाली आला. "मावशी, आई आमच्यावर रागावली आहे. हाक मारली तर ओ देत नाही. जेवताना मान खाली. दीड वर्ष झालं. काय चुकलं विचारलं तर 'हो हो' म्हणते आणि उठून जाते."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. म्हटलं, मुलावर रागावलीय, सुनेवर रागावलीय, मला फोन करू नकोस म्हणते. ठमीला राग येतो तो उगाच नाही. मग एकदम माझ्या डोक्यात आलं. तिला कळलंय! कुणी सांगितलं, कसं सांगितलं देव जाणे, पण कळलंय.

तर ऐक. आता लपवून काय करू.

तुझा जांभळा स्वेटर शेजारच्या मास्तरीणबाईंच्या कुत्र्यानं दोरीवरून ओढून नेला नव्हता. तो मी जाळला.

मुद्दाम नाही गं. मी नुकती शिवणाच्या क्लासला जायला लागले होते आणि दिसेल त्याला इस्त्री करत सुटले होते, आठवतं? तुझी टेलिफोन एक्सचेंजमधली मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. म्हटलं, पोरीला कडक इस्त्रीचा स्वेटर देऊ. लोकर ती, इस्त्री टेकवली तर पाठीवर तळहाताएवढं भोक. तू रडून रडून डोळे सुजवलेस आणि मी कुत्र्याचं नाव घेतलं. कुत्रा काही बोलणार नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. उरलेला स्वेटर उसवला आणि त्या लोकरीचे मोजे विणून तुझ्या वाढदिवसाला तुलाच दिले. काळ्या रंगात बुडवून. तू ते चार हिवाळे घातलेस आणि दर वेळी म्हणायचीस, "ताईसारखं प्रेम कुणी करत नाही." मी घाईनं विषय बदलायची.

त्रेपन्न वर्षं झाली. काय शिक्षा द्यायची ती इथे येऊन दे.

अपराधी,
ताई


११ डिसेंबर

अगं ए ताई!

मला काहीही कळलं नव्हतं! आत्ता कळलं! तुझ्या पत्रातून!

मी त्या मास्तरीणबाईंशी नऊ वर्षं बोलले नाही. त्या गाव सोडून गेल्या त्या दिवशी सगळी आळी निरोप द्यायला उभी होती, आणि मी आत बसून भाजी निवडत होते. त्या कुत्र्याला मी मरेपर्यंत 'चोर' अशी हाक मारली. पुढे पुढे तर तो 'चोर' म्हटलं की शेपूट हलवत यायचा, त्याला ते आपलं नावच वाटायचं. कुठे फेडशील हे?

वाचता वाचता मी इतकी हसले की सूनबाई धावत आली. बिचारी दारात उभी राहून काहीतरी विचारत होती. आणि तिथेच माझं हसू संपलं, ताई. कारण ती काय विचारत होती ते मला कळलं नाही.

तू कबूल केलंस, मग मीही करते. मला ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही. समोर एकच माणूस असेल, तोंड दिसत असेल, तर भागतं. पाठीमागून हाक आली, फोन आला, चार जण एकत्र बोलले, की सगळं पिठासारखं होतं, त्यातला एक दाणा वेगळा काढता येत नाही. मग मी 'हो हो' म्हणते, 'छान' म्हणते. कुणाचा पाय मोडला तरी छान.

कुणाला सांगितलं नाही. कसं सांगू? तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. बोर्डावर चाळीस दिवे, कानाला यंत्र, आणि एका श्वासावरून मी ओळखायची कोण बोलतंय. सुपरवायझरबाई नवीन मुलींना माझ्याकडे आणून म्हणायच्या, "ह्यांच्याकडून शिका. आपल्या ऑफिसचे कान आहेत हे." त्या कानांनी असा दगा द्यावा?

गेल्या सुट्टीत तुझ्याकडे होते, तेव्हा टेबलावर सगळे हसले की मी हसायची, पण एक क्षण उशिरा. तुझ्या नातीच्या ते लक्षात आलं. तिनं मला काहीतरी तीनदा विचारलं. मग खांदे उडवून निघून गेली. सात वर्षांची पोर. ते खांदे मला रोज दिसतात.

म्हणून येत नाही. रागावलेली-बिगावलेली नाही. म्हणजे नव्हते. आता स्वेटरचं वेगळं बघून घेईन.

कुणाला सांगू नकोस. शपथ आहे.

ठमी


१५ डिसेंबर

माझ्या ठमे,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, मग तोंड धुतलं, मग तुझ्यावर संतापले, आणि आता लिहायला बसले आहे. दीड वर्ष! मुकाट्यानं! लहानपणी बोटाला कुसळ लागलं तर गल्ली गोळा करणारी तू!

कुणाला सांगितलं नाही. शपथ पाळते. पण ऐक, म्हणजे वाच.

आमच्या त्या खोपटाचा एक कडक नियम आहे. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. पक्षी उडतात. गेल्या वर्षी डॉक्टरांना खोकला झाला होता, तर पोस्टमास्तरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि अडीच तास झाडाखाली उभं केलं. जे काय सांगायचं ते हातानं. मूठ वर म्हणजे 'थांबा'. दोन बोटं डोळ्यांकडे म्हणजे 'तिकडे बघा'. पंजा म्हणजे पाच, पंजा गोल फिरवला म्हणजे पन्नास. हात आडवा हलवला म्हणजे 'तुमचा आकडा चुकला', आणि ही खूण आमच्यात सगळ्यात जास्त चालते. अगदीच अडलं तर आकडे भरायच्या तक्त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहायचं.

तीन तास कुणीही एक अक्षर बोलत नाही, ठमे. त्या खोपटात कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही, हे विचारायची वेळच येत नाही.

पाचवी खिडकी तुझी. घरातल्यांचं मी बघते. जेवताना तुला माझ्या समोर बसवीन, माझं तोंड तर मिटतच नाही, वाचत बस.

चोवीसला सकाळच्या बसनं ये. लोकरीचे मोजे आण. दुसरे.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

येते. दोन अटी. एक, कुणासमोर माझ्याशी मोठ्यानं, तोडून तोडून बोलायचं नाही, मी बहिरी आहे, बावळट नाही. दोन, स्वेटरच्या बदल्यात स्वेटर. जांभळा. इस्त्री न केलेला.

ठमी


२८ डिसेंबर, सकाळ. तळ्याकाठचं खोपट. मोजणीच्या तक्त्याच्या मागे, एकाच पेन्सिलीनं.

ताई: थंडी वाजते का?

ठमी: पाय गेले. बाकी मी आहे. हे पोस्टमास्तर माझ्याकडे का बघतायत?

ताई: तू आल्यापासून एक शब्द बोलली नाहीस म्हणून. त्यांना वाटतंय तू फार मोठी अभ्यासक आहेस.

ठमी: वाटू दे. समोर ते छोटे, बुटके, सारखे बुडी मारणारे कोण?

ताई: टिबुकल्या. त्यांना सोड. त्या कधीच नीट मोजता येत नाहीत. एक बुडी मारते, दुसरीकडे वर येते, आपण दोनदा मोजतो. दर वर्षी भांडण. मास्तर दाखवतायत एकतीस, डॉक्टर दाखवतायत सेहेचाळीस.

ठमी: दोघेही चूक. अडतीस.

ताई: कशावरून?

ठमी: ती लव्हाळ्याजवळची बुडाली, आता त्या ओंडक्यापाशी निघेल. बघ. निघाली? आता तिघी एकदम बुडतील, दोन डावीकडे निघतील, एक मागे राहील.

ताई: अगं बाई!! तुला कसं कळतं?

ठमी: तीस वर्षं दुसरं काय केलं? हा दिवा लागला, तो विझला, कुठला अजून लागायचाय. चाळीस दिवे होते बोर्डावर. या तर अडतीसच आहेत.

ताई: मास्तरांना हाताची आडवी खूण कर.

ठमी: पहिल्याच दिवशी?

ताई: कर गं!

ठमी: केली. त्यांनी दुर्बीण पुसली. पुन्हा मोजतायत.

ताई: तुझे डोळे चमकतायत.

ठमी: थंडीनं पाणी आलंय. पेन्सिल इकडे दे, पाणकावळे राहिलेत.


३ जानेवारी

ठमे,

तू गेलीस आणि घर सुनं झालं. तुझ्या उशीवर माझी नात झोपते, कुणाला देत नाही.

मला अजून त्या अठ्ठावीस तारखेचं हसू येतंय. खोपटातून बाहेर पडून आपण बेकरीवालीच्या मागच्या खोलीत भट्टीपाशी शेकत बसलो, गरम पाव आले, आणि तीन तास दाबून ठेवलेली तोंडं एकदम सुटली. मास्तर म्हणत होते, "बाई, ही पद्धत कुठली?" डॉक्टर म्हणत होते, "मी आधीच म्हटलं होतं, एकतीस नाहीत." बेकरीवाली त्यांना 'गप बसा' म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. म्हटलं, आता ही उठून जाणार.

आणि तू मूठ वर केलीस. 'थांबा.' तिघंही आपोआप गप्प! घास तोंडात तसाच! आणि तू काय शांतपणे म्हणालीस, "मला नीट ऐकू येत नाही. एकेकानं, माझ्याकडे तोंड करून बोला. मास्तर, तुम्ही आधी, तुम्ही हरलात." डॉक्टर केवढे हसले! मग काय झालं? काहीही झालं नाही. मास्तरांनी फक्त मिशीला लागलेलं लोणी पुसलं, कारण तू त्यांच्या तोंडाकडेच बघत होतीस.

आणि तीस तारखेची टेकडी. तू तिलाही सांगितलंस तेव्हापासून माझी नात तुझ्यापुढे उलटी चालत होती, तुझ्याकडे तोंड करून, दोनदा पडली. संत्र्याच्या फोडी तुला पंजा करून मोजून देत होती आणि तू आडवा हात हलवून एक जास्त मागत होतीस. ती तुला गेल्या वर्षी तीनदा काय विचारत होती, ते तिला मीच विचारलं. ती म्हणाली, "मावशीआजीला विचारत होते, माझ्याशेजारी बसशील का."

आता एकच बोलते आणि पत्र संपवते. परक्या तिघांना तू भट्टीपाशी बसून सांगितलंस. घरच्या दोघांना कधी सांगणार? ते पोर फोनवर जवळजवळ रडत होतं गं. माझी शपथ मी पाळली आहे, पण ती आता फार जड झाली आहे.

मास्तरांनी विचारलंय, पुढच्या महिन्यातल्या मोजणीला टिबुकल्यांच्या बाई येणार का?

ताई


९ जानेवारी

ताई,

सांगितलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगणार होते, पण दोन दिवस नुसता घसा खाकरत बसले. काल जेवताना मुलानं मान खाली घालून आमटी वाढून घेतली, सूनबाईनं मान खाली घालून पोळी घेतली. म्हटलं, ही दोन माणसं माझ्या घरात चोरासारखी जेवतायत. मी चमचा ताटावर आपटला. दोघंही दचकून वर बघायला लागली. मी म्हणाले, "मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. तुमच्यावर रागावले नव्हते, तुम्ही काय बोलता तेच कळत नव्हतं."

खोलीत शांतता पसरली असावी. मला तिचा काय पत्ता.

मग मुलगा उठला, खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर आणून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तू रुसली नव्हतीस?" मी म्हटलं, "नाही रे बाळा." त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि इतका वेळ धरून बसला की आमटी गार झाली. सूनबाईनं डोळ्याला पदर लावला. मलाही बरंच काही झालं, ते पत्रात लिहीत नाही.

पण पुढे ऐक. तुझ्या कबुलीजबाबाची लागण इथेही झाली आहे. दीड वर्ष दोघं 'आपलं काय चुकलं' म्हणून डोकं खाजवत होती, त्यामुळे दोघांकडे जमलेले गुन्हे भडाभडा बाहेर पडले! सूनबाई म्हणाली, "आई, तुमचा रेडिओ बिघडला नाही. तुम्ही इतका मोठा लावायचात की वरच्या मजल्यावरचे खाली यायचे. मी आतली वायर काढून माझ्या कपाटात ठेवली. मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि म्हणून अबोला धरलाय." मग चिरंजीव. तोंड माझ्याकडे, कान लाल. "आई, तू ओ दिली नाहीस की मी तुझ्या पाठीमागे उभं राहून काय काय बोलायचो. एकदा तर तुला 'भोपळा' म्हणालो. 'फुगलेला भोपळा'. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मला वाटलं, ऐकलंस आणि माफ केलंस. आपली आई किती मोठ्या मनाची आहे म्हणून मी रात्री रडलो."

भोपळा!

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. दोघंही येणार आहेत, रजा टाकून. छोटंसं यंत्र मिळतं म्हणे, केसांत दिसतही नाही. कितपत ऐकू येईल ते बसवल्यावर कळेल. मास्तरांना सांग, पुढच्या महिन्यात येते, यंत्र असो नसो, खोपटात काढूनच ठेवायचं आहे.

मोठ्या मनाचं मात्र त्याला मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, बाळा, तुझी आई कधीच एवढी क्षमाशील नव्हती. तिला फक्त ऐकू येत नव्हतं. मंगळवारपर्यंत काय बोलायचं असेल ते बोलून घे.

तुझी,
ठमी